कामाची आग

माझ्या थोरल्या भाऊजींना आयुष्यात एकाच गोष्टीचा हेवा वाटला, तो म्हणजे दुसऱ्याच्या आगींचा. पैसा, घर, पोरांचे मार्क, यातल्या कशानेही त्यांच्या पोटात दुखलं नाही. शेजाऱ्याने नवी मोटार घेतली तेव्हा यांनी स्वतः जाऊन तिच्या काचा पुसून दिल्या. पण धाकट्या भाऊजींच्या हद्दीत एखादं गोदाम पेटलं, की यांचा चेहरा असा व्हायचा की ताई पुढ्यात चहा ठेवून मुकाट्याने बाजूला व्हायची.

आधी नाती सांगते, नाहीतर गोंधळ उडेल. आम्ही तिघी बहिणी. ताई थोरली, मग मधली, मग मी. ताईचा नवरा अग्निशमन दलात. ताईचे हाल बघून मधली लहानपणापासून सांगायची की मला कुणीही चालेल, पण आग विझवणारा नको. तिचं लग्न झालं ते दलातल्याच माणसाशी, आणि ते स्थळ थोरल्या भाऊजींनीच आणलेलं. "माझ्या हाताखालचा आहे, हुशार आहे," असं म्हणून आणलं. हुशार आहे हे खरं निघालं, हाताखालचा काही राहिला नाही. मी दलाच्या कंट्रोल रूममध्ये वायरलेसवर बसते. घरी बहिणींची गाऱ्हाणी ऐकायची आणि कामावर त्यांच्या नवऱ्यांची, असा माझा दिवस जातो.

थोरल्या भाऊजींचं केंद्र बागा आणि बंगल्यांच्या भागात होतं. तिथले कॉल म्हणजे झाडावर चढून बसलेलं मांजर, लिफ्टमध्ये अडकलेली एखादी आजीबाई, कुणीतरी विसरलेली इस्त्री. धाकट्यांच्या वाट्याला गोदामं आली, जुना बाजार आला, रंगांचे आणि रबराचे कारखाने आले. "त्याला आगी घरपोच मिळतात," असं थोरले म्हणायचे. जणू काही धाकट्यांनी कुणाला तरी चहापाणी करून त्या मिळवल्या होत्या.

आमच्या दलात पहिल्या गाडीवरच्या अधिकाऱ्याने जागेवर पोचल्याबरोबर एक शब्द द्यायचा असतो. तो वायरलेसवरून माझ्याकडे येतो आणि मी तो सगळ्या केंद्रांना पुन्हा ऐकवते. शब्द चार आहेत. काहीच दिसत नसेल तर 'शांत'. एका गाडीत आटपण्यासारखं असेल तर 'किरकोळ'. एका गाडीत न आटपणारं ते 'कामाची'. आणि शहरातली झाडून सगळी यंत्रणा लागणार असेल तर 'मोठी'. शांत आणि मोठी ओळखायला अक्कल लागत नाही. सगळी मारामारी मधल्या दोन शब्दांवरून.

मी नोकरीला लागले तेव्हा हा फरक मला थोरल्या भाऊजींनी शिकवला, ताईच्या स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता. मी विचारलं होतं, ज्वाळा किती उंच गेल्या की कामाची म्हणायचं?

"ज्वाळा बघे बघतात," ते म्हणाले. "तू हात मोज. गाडीवर आम्ही पाच जण. एक पंपावर, दोघं पाइपवर, एक शिडीला, आणि मी. माझे हात रिकामे आहेत तोवर किरकोळ. ज्या क्षणी मला स्वतःला पाइप धरावा लागला, त्या क्षणी ती कामाची झाली."

"का?"

"कारण आता कुणाला काही झालं तर धावून जायला माणूस उरला नाही. मोकळ्या माळावर गवताची गंजी घराएवढी पेटू दे, किरकोळ. बंद दाराखालून बोटभर धूर येऊ दे, तो कामाचा असू शकतो. धूर आळसात वर जात असेल तर उतरून बघू. आतून कुणीतरी ढकलल्यासारखा येत असेल, तर उतरायच्या आधी शब्द द्यायचा. तिथं विचार करत बसला तो मेला."

माणूस त्याच्या कामात पक्का होता. पुढे त्यांच्याविषयी जे सांगणार आहे ते ऐकून कुणी त्यांना अडाणी समजू नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

पण या पक्केपणाचा वापर ते घरात कसा करायचे ते बघा. दोन्ही कुटुंबं जेवायला एकत्र जमली, की धाकटे भाऊजी साधेपणाने काहीतरी सांगू लागायचे. रबराच्या कारखान्यात मागची भिंत कशी फोडली, धूर कसा अंगावर आला. पोरं तोंडात घास धरून ऐकत असायची. मधली, जिला आग विझवणारा नको होता, ती त्याच्या ताटात वाढत असायची. मग थोरल्यांची उलटतपासणी सुरू व्हायची.

"पाइप किती टाकलेस?"

"दोन, दादा."

"दोन्हीत पाणी होतं?"

"दुसऱ्यात नंतर सोडलं."

"म्हणजे त्याच्यावरची दोन माणसं तोवर नुसती उभी होती. हात रिकामे. किरकोळ होती ती."

"दादा, भिंत कोसळली हो."

"भिंती भूकंपातही कोसळतात. आगीचं बोल."

एवढं करून ते शांतपणे जेवू लागायचे. धाकट्यांच्या किती आगी त्यांनी त्या टेबलावर कामाचीवरून किरकोळवर आणल्या याला गणती नाही. धाकटे नुसते हसायचे, आणि त्या हसण्याने थोरल्यांच्या नाकाला जास्तच मिरच्या झोंबायच्या. ताई त्यांना तोंडावर जळकुकडा म्हणायची. ते म्हणायचे, "मी कशाला जळू? मी नियम सांगतोय."

खोटं कशाला बोलू, हेवा मलाही वाटायचा. या दोघांचाही. मी नुसती ऐकते. आग दिसते कशी, तिचा वास कसा येतो, ते यांना विचारावं लागतं. पण माझ्या जळण्याने कुणाचं काही जात नव्हतं.

मग विभागप्रमुखाची जागा निघाली. थोरल्यांचा हक्क मोठा होता, पण तोंडी परीक्षेत त्यांनी मोठ्या साहेबांशीच किरकोळ आणि कामाचीच्या व्याख्येवरून वाद घातला आणि शेवटी साहेबांना म्हणाले की तुम्ही गाडीवरून उतरून बरीच वर्षं झाली. जागा धाकट्यांना मिळाली. थोरल्यांनी त्यांच्या घरी जाऊन अभिनंदन केलं, हातात हात घेऊन केलं, आणि घरी येऊन संध्याकाळभर बुटांना पॉलिश करत बसले.

बढतीने एक गोष्ट बदलली. आमच्याकडे 'कामाची' शब्द गेला की दुसरी गाडी निघते आणि विभागप्रमुख स्वतः येऊन जागेचा ताबा घेतो. म्हणजे थोरल्या भाऊजींनी तो शब्द उच्चारला, की ती आग त्यांची राहणार नव्हती. ती धाकट्यांची होणार होती. आणि गंमत बघा, त्यानंतर थोरल्यांच्या हद्दीत कामाची आग लागायचीच बंद झाली. सगळ्या किरकोळ. परत आलेल्या जवानांचे चेहरे मात्र काळेठिक्कर पडलेले असायचे, असं मला त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं. मी ताईच्या कानावर घातलं. ताई म्हणाली, "तो जळकुकडा आहे गं, वेडा नाही."

त्या दिवशी दुपारी एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा फोन आला. समोरच्या इमारतीत खाली फर्निचरचं दुकान, वर लाकडाला पॉलिश करायचा कारखाना. वरून धूर येतोय, कामगार सगळे बाहेर आलेत, ती म्हणाली. भाग थोरल्यांचा होता. मी गाडी सोडली. पोचल्याबरोबर त्यांचा आवाज आला, चांगला खुशीत.

"पोचलो. वरच्या मजल्यावर एका खिडकीतून धूर. किरकोळ. एक पाइप टाकतोय. ओव्हर."

मी 'किरकोळ' सगळ्यांना ऐकवलं. तोवर त्याच बाईचा पुन्हा फोन. "अहो, आता खिडकीतून नाही, छपराच्या कडेकडेनं निघतोय. पिवळा आहे. कुणी आतून फुंकतंय की काय असा जोरात निघतोय."

मी वायरलेसवर त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "किरकोळच आहे. ओव्हर." पण या वेळी त्यांच्या शब्दांमागे पाण्याचा आवाज होता. लांबून येणारा नव्हे, तोंडाशी असलेला. मी पंपावरच्या ड्रायव्हरला हाक मारली, उत्तर नाही. दुसऱ्या सेटवर हाक मारली, उत्तर नाही.

"भाऊजी, पाइप कुणाच्या हातात आहे?" वायरलेसवर त्यांना कधी भाऊजी म्हणत नसे, त्या दिवशी म्हटलं.

नुसतं पाणी ऐकू आलं.

"पाइप कुणाच्या हातात आहे, विचारतेय मी."

"माझ्या."

"बाकीचे?"

"एक छपरावर. पैलवान आणि त्याचा जोडीदार मागच्या खोलीत, पॉलिशचे डबे बाहेर काढतायत."

"मग शब्द बदला."

तेव्हा ते जे बोलले ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. गाडी नको, असं ते म्हणाले नाहीत. मला जमेल, असंही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "त्याला पाठवू नकोस."

कंट्रोलने शब्द द्यायचा नसतो. कंट्रोल ऐकतं आणि पुढे सांगतं, बस. माझ्या आधी एकीने खुर्चीत बसून आग ठरवली होती, तिला घरी पाठवलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. मी त्यांच्या नावाने मनातल्या मनात एक शिवी हासडली, बटण दाबलं आणि सगळ्या केंद्रांना सांगितलं, "पॉलिशचा कारखाना, कामाची आग. दुसरी गाडी निघा. विभागप्रमुख, निघा." तो शब्द माझ्या तोंडून गेला, पण जागेवरचा शब्द नेहमी माझ्याच तोंडून जातो. त्यामुळे तो थोरल्यांनीच दिला असं सगळ्यांनी धरलं. त्यांच्या हातातला सेट फार लांब पोचत नाही, दुसऱ्या केंद्रांना त्यांच्या बाजूने नुसती खरखर गेली असणार. एकट्या धाकट्या भाऊजींची जीप तेव्हा जवळच्याच रस्त्यावर होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले, "निघालो."

पुढचं मला ड्रायव्हरकडून कळलं. धाकटे पोचले तेव्हा मागच्या खोलीचं छत नुकतंच खाली आलं होतं आणि पैलवानाचा पाय तुळईखाली सापडला होता. हा पैलवान म्हणजे दलातला सगळ्यात आडदांड गडी, त्याला जागचा हलवायला एरवीही दोघं लागत. जोडीदार एकटा तुळई ओढत होता, ती हलत नव्हती. थोरले पाइप सोडून जाऊ शकत नव्हते, कारण पाणी थांबलं असतं तर दोघंही भाजले असते. मागोमाग दुसरी गाडी आली, तिच्या जवानांनी त्यांच्या हातातला पाइप घेतला. धाकट्यांनी ताबा घ्यायला हवा होता, तो नियमच आहे. त्यांनी तो घेतला नाही. ते म्हणाले, "दादा, सांगा काय करायचं." थोरल्यांनी सांगितलं, आणि दोघं साडू खांद्याला खांदा लावून आत गेले. तुळई उचलली, पैलवानाला बाहेर काढला. पाय मोडला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. जीव वाचला.

चौकशी मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. आम्ही तिघं टेबलाच्या एका बाजूला, साहेब दुसऱ्या. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. शब्द कुणी दिला आणि उशिरा का दिला.

धाकटे भाऊजीच आधी बोलले. "शब्द दादांनी दिला, साहेब. मी वाटेत होतो, माझ्या सेटवर ऐकला. आत इतका धूर होता, थोडा उशीर होणारच. मी असतो तर मलाही झाला असता."

साहेबांनी मान हलवली. आगीत घाम गाळलेल्या माणसाला फार छळायचं नाही, असा त्यांचा स्वभाव होता. ते माझ्याकडे वळले, मला वाटतं 'बरोबर ना' एवढंच विचारणार होते. मी हो म्हणणार होते. माझी नोकरी त्या एका 'हो'त होती.

"त्यानं ऐकला नाही," थोरले भाऊजी म्हणाले. "मी दिलाच नाही."

"काय?"

"शब्द हिनं दिला. बरोबर दिला. मी शेवटपर्यंत किरकोळ म्हणत होतो."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "तुम्हाला कळलं नाही? तुम्हाला? परीक्षेत मला शिकवत होतात ना?"

त्यावर थोरले ताठ झाले. आपल्याला कळलं नाही, हा आरोप त्यांना त्या अवस्थेतही सहन झाला नाही. "कळलं होतं. गाडीतून उतरायच्या आधी कळलं होतं. धूर ढकलत होता. कामाचीच होती."

"मग?"

थोरल्यांनी शेजारी बसलेल्या साडूकडे मान वळवली. "हा आला असता."

खोलीबाहेर आल्यावर धाकट्यांचा तोल सुटला. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "मिटलं होतं, दादा. साहेबांनी मान हलवली होती. तुमची नोकरी वाचत होती, हिची वाचत होती. हिचा तरी विचार करायचा."

"तू वाचवत होतास," थोरले म्हणाले.

"हो. मग?"

"पैलवानाला बाहेर काढायला तू आलास. ताबा तुझा, तो तू मला दिलास. आता शब्दही तुझ्याकडूनच घेऊ?"

मला उत्तर सुचलं होतं, पण ते भिंतीलगत चालणाऱ्या शिपायांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. मला काही दिवस घरी बसवलं आणि कडक ताकीद देऊन परत घेतलं. थोरल्यांना गाडीवरून उतरवलं. पाइपांच्या कोठाराची किल्ली त्यांच्या हातात आली.

निकाल लागला त्याच दिवशी ते पैलवानाला भेटायला इस्पितळात निघाले. एकट्याने जायचा धीर होईना म्हणून मला सोबत घेतलं. माझी नोकरी टांगणीला लावून वर मलाच सोबत न्यायचं, हे त्यांना विचित्र वाटलं नाही. पैलवान हातांना पट्ट्या गुंडाळून पडला होता, पाय वर बांधलेला. त्याची बायको आमच्यासाठी स्टूल पुढे करून बाहेर गेली. थोरले बसले नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगून टाकलं. मला दिसत होतं, मी शब्द दिला नाही, तुझा पाय माझ्यामुळे मोडला.

पैलवानाने ऐकून घेतलं. "माहीत आहे, साहेब," तो म्हणाला. "मागच्या खोलीला दार कुठं होतं? मी तुमच्या पाठीमागेच होतो. त्यांना पाठवू नकोस म्हणालात, ते मी ऐकलं होतं."

"मग चौकशीत बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही."

थोरल्यांनी स्टुलावर हात टेकला. मग सहज विचारावं तसं पैलवानाने विचारलं, "तुमच्या जागी आता कोण येणार?"

"ठरलं नाही अजून."

"मग एक काम कराल का? धाकट्या साहेबांना सांगाल? मी बरा झालो, की मला त्यांच्याकडे घ्या म्हणावं. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील."

मी थोरल्यांकडे बघितलं नाही. माझ्याच्याने बघवलं नसतं. ज्या माणसाने आपली एक आग त्याला मिळू दिली नव्हती, त्याने आता आपल्या हाताने आपला माणूस त्याला द्यायचा होता.

"सांगतो," ते म्हणाले.

मला वाटलं, तोंडदेखलं म्हणाले असतील. पण इस्पितळाच्या पायऱ्यांवर आल्यावर त्यांनी फोन काढून धाकट्यांना लावला.

"पैलवान तुझ्याकडे यायचं म्हणतोय," ते म्हणाले. "घे त्याला. त्याच्या पाठीमागे कायम एक हात मोकळा ठेव, तो आत गेला की मागे बघत नाही."

धाकटे पलीकडून काहीतरी बोलत होते. थोरल्यांनी ते पूर्ण होऊ दिलं नाही, फोन बंद करून खिशात टाकला आणि पायरीवर बसले. मला त्यांचा राग आला होता, तो अजून होता. तरी मी शेजारी बसले.

"हो म्हणाला का?" मी विचारलं.

"लगेच म्हणाला," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर रडले.